थर्मल लेबल प्रिंटर, दहा महिन्यांनंतर: लाईट आली की एक लेबल वाया

फेब्रुवारीत मी या प्रिंटरबद्दल चार ओळी लिहून पाच स्टार दिले होते आणि "डोळे झाकून घ्या" असं म्हटलं होतं. ते वाचून दोघातिघांनी खरंच घेतला, त्यातल्या एक ताई गुहागरच्या आहेत आणि त्यांना पावसाळ्यात तोच त्रास झाला जो मला झाला, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

प्रिंटर तोच, चार बाय सहा इंचाचं लेबल काढणारा, ब्लूटूथ आणि यूएसबी दोन्ही, २०३ डीपीआय (म्हणजे इंचाला २०३ ठिपके), शाई लागत नाही, उष्णतेने छापतो. बाजारात एकाच साच्यातला प्रिंटर सात-आठ नावांनी मिळतो त्यामुळे नाव घेण्यात अर्थ नाही. मी १४ जानेवारीला घेतला, ७४०० रुपये पडले, सोबत ५०० लेबलांचा एक रोल आला. पुढचे रोल मी ४५० ला घेते, म्हणजे एक लेबल ९० पैशाला. हे ९० पैसे लक्षात ठेवा.

आधी मी काय विकते ते सांगते म्हणजे त्रास कळेल. आम्ही दापोली तालुक्यात, हर्णै-मुरुडच्या पट्ट्यात. घराच्या मागे दोन खोल्या पर्यटकांसाठी आहेत, त्या नाताळ आणि मे महिन्यात भरतात, पावसाळ्यात बंद. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची कौलं उडाली आणि माळ्यावरचं सगळं सामान खाली काढावं लागलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की सासूबाईंच्या सासूबाईंची किती पितळ-तांब्याची भांडी वर पडून आहेत. हंडे, कळश्या, दोन घंगाळं, एक बंब, समया, ताम्हणं, सोऱ्या, पितळी डबे. भंगारवाला किलोवर न्यायला तयारच होता, मी फोटो काढून ऑनलाईन टाकले आणि एका समईला भंगाराच्या अडीचपट पैसे मिळाले. मग शेजारच्या काकूंनी त्यांची भांडी आणून दिली, मग त्यांच्या माहेरची, असं करत करत २०२२ पासून हा धंदाच झाला. गावात बंद घरं किती आहेत ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. पोरं मुंबई-पुण्याला, घर विकायला काढलं की आधी माळा रिकामा करतात.

सुरुवातीला मी काहीही घ्यायचे. लाकडी पलंग घेतला, तो आठ महिने पडवीत पडून राहिला कारण घ्यायला यायचं तर टेम्पोभाडं पलंगापेक्षा जास्त. चिनी मातीच्या बरण्या कुरिअरने पाठवल्या, पाचातल्या दोन फुटल्या, भाताच्या पेंढ्यात बांधल्या तरी फुटल्या. आता बरण्या फक्त राहायला येणाऱ्या पाहुण्यांना विकते, ते गाडीत मांडीवर घेऊन जातात. फर्निचर पूर्ण बंद. पितळ-तांबं चालू, आणि गेल्या वर्षीपासून पुस्तकं, कारण दापोलीला कृषी विद्यापीठ आहे आणि शेवटच्या वर्षाची मुलं होस्टेल सोडताना बीएस्सी ॲग्रीची पुस्तकं अक्षरशः किलोवर देतात.

तर प्रिंटर. आधी मी पत्ता हाताने लिहायचे, कुरिअरचं लेबल पीडीएफमध्ये येतं ते दापोलीला जाऊन सायबरवाल्याकडे प्रिंट करायचे, एका पानाचे दहा रुपये आणि जायचं-यायचं ते वेगळं. महिन्याला साठ-सत्तर पार्सलं व्हायला लागली तेव्हा प्रिंटर घेतला. जानेवारीपासून पाऊस येईपर्यंत एक दिवस त्रास नाही. मोबाईलवरून पीडीएफ उघडलं, प्रिंट दाबलं, दोन सेकंदात लेबल बाहेर. अक्षर स्वच्छ, बारकोड पहिल्या झटक्यात स्कॅन, कुरिअरचा मुलगा म्हणाला "वहिनी, आता तुमची पार्सलं कंपनीची वाटतात". मला खरंच बरं वाटलं होतं.

२०२५ ला पाऊस मे महिन्यातच आला आणि लाईटची ये-जा सुरू झाली. आणि तेव्हा कळलं की हा प्रिंटर लाईट परत आली की दरवेळी आपोआप एक कोरं लेबल बाहेर टाकतो. दोन लेबलांमधली फट शोधायला तो कागद पुढे सरकवतो म्हणे. शहरात लाईट महिन्यातून एकदा जात असेल तिथे कोणाच्या लक्षातही येणार नाही. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसाला सहा-सात वेळा जाते, कधी दोन मिनिटांत तीनदा येते आणि जाते, झाडाची फांदी तारेला घासली की झालं. मी दुपारी जेवायला बसले आणि पुढच्या खोलीतून तो घर्रर्र आवाज आला की घास घशाखाली उतरत नसे. रात्री दीडला लाईट आली तरी घर्रर्र.

तुम्ही म्हणाल बटण बंद ठेव. बटण मागच्या बाजूला आहे, भिंतीचा स्विच कपाटामागे, आणि बंद करून चालू केलं की मोबाईल त्याला पटकन ओळखत नाही, दोन-तीनदा जोडावं लागतं, म्हणून तो चालूच राहायचा. आणि बंद करून परत चालू केला तरी एक लेबल टाकतोच! म्हणजे बंद ठेवा नाहीतर चालू ठेवा, एक जाणारच.

मी वहीत लिहायला सुरुवात केली. जून १८७, जुलै २३१, ऑगस्टच्या २० तारखेपर्यंत १४९. एकूण ५६७ कोरी लेबलं. म्हणजे एक अख्खा रोल आणि वर ६७, पैशात ५१० रुपये. कोणी म्हणेल पाचशे रुपयांसाठी काय एवढं. एका पितळी निरांजनामागे मला खर्च वजा जाऊन साठ-सत्तर रुपये सुटतात. ते निरांजन मी आमसुलाच्या पाण्यात भिजवते, घासते, सुकवते, फोटो काढते, दहा जणांच्या "लास्ट प्राईस?" ला उत्तर देते. सात-आठ निरांजनांची मेहनत यंत्राने कोरी बाहेर टाकली हे मला सहन होत नाही, आणि ते का सहन करावं हेही मला कळत नाही. कोरी लेबलं मी फेकली नाहीत, त्यावर मार्करने नंबर घालून भांड्यांना चिकटवते, घरातल्या सगळ्या डब्यांना नावं लागली, बहिणीला दिली. पण ५६७ लेबलांना करायला काम कुठून आणणार.

कंपनीला विचारलं. व्हॉट्सॲपवर उत्तर आलं की हे नॉर्मल आहे, यात फॉल्ट नाही. मी विचारलं की हे बंद करता येतं का. तर परत तेच, नॉर्मल आहे.

याच काळात दुसरं प्रकरण झालं आणि त्यात मी प्रिंटरवर अन्याय केला, ते इथे कबूल करते. जून-जुलैत माझी अकरा पार्सलं परत आली किंवा अडकली. कारण एकच, लेबल वाचता येत नाही. परत आलेलं पार्सल बघितलं तर खरंच, अक्षरं फिकट तपकिरी, बारकोड अर्धा उडालेला. मी लगेच कंपनीला फोटो पाठवले, चांगलं तिखट लिहिलं, प्रिंट टिकत नाही म्हणजे मशीनच खराब आहे असं लिहिलं. त्यांनी सांगितलं रोल आमचाच वापरा. मी त्यांचा रोल मागवला, महाग, ६५० ला, आणि परत दोन पार्सलं तशीच झाली.

शेवटी पोस्टातल्या काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, लेबलवर ही चिकटपट्टी कशाला लावता? मी म्हटलं पावसात भिजू नये म्हणून. त्या म्हणाल्या तीच खाते अक्षरं. मला पटलं नाही. घरी येऊन एकाच पीडीएफची दोन लेबलं काढली, एकावर पारदर्शक टेप लावली, एक तसंच ठेवलं, दोन्ही कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली. आठव्या दिवशी टेपवालं फिकट, दुसरं काळं कुळकुळीत. थर्मल कागदावर शाई नसतेच, कागदावरच्या लेपाला उष्णता लागली की तो काळा होतो, आणि टेपच्या गोंदातल्या रसायनांनी तो रंग परत उडतो. एटीएमची पावती पाकिटात ठेवली की कोरी होते ना, त्याच जातीचा कागद. शिवाय टेप चकाकते म्हणून स्कॅनरलाही त्रास होतो. म्हणजे मी मेहनतीने, पार्सल नीट जावं म्हणून, स्वतःच पत्ता पुसत होते. अकरा गिऱ्हाइकांची मी माफी मागितली, चौघांना पैसे परत दिले.

आता मी लेबलवर काहीही चिकटवत नाही. कुरिअरवाले देतात ती साधी प्लास्टिकची पारदर्शक पिशवी खोक्याला लावते आणि लेबल त्यात सरकवते. खोक्याच्या आत एका चिठ्ठीवर पूर्ण पत्ता आणि मोबाईल नंबर बॉलपेनने लिहून ठेवते, आणि खोक्यावर मार्करने पिनकोड मोठा. तेव्हापासून लेबल वाचता आलं नाही म्हणून एकही पार्सल परत आलेलं नाही. त्यामुळे प्रिंट टिकत नाही हे माझं जुलैतलं मत मी मागे घेते. प्रिंट चांगली आहे. रोल मात्र दमटात ठेवू नका, कडा फुगतात आणि कागद वाकडा जातो, मी पत्र्याच्या डब्यात ठेवते, तळाला सुके तांदूळ.

मग १२ ऑगस्ट. गणपती २७ ला, मुंबई-पुण्याहून समया आणि ताम्हणांच्या ऑर्डरी साचलेल्या, ३४ पार्सलं बांधून तयार, आणि लेबलवर वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ यायला लागली. बारीक, केसाएवढी, पण नेमकी बारकोडमधून, आणि बारकोडच्या काड्या उभ्या त्यामुळे एखादी काडीच गायब. कुरिअरच्या मुलाने स्कॅन करून बघितलं, चारातली दोन होईनात.

कंपनीचं म्हणणं, मशीनला एक वर्ष वॉरंटी पण हेडला, म्हणजे कागद तापवून छापणाऱ्या भागाला, सहा महिने. जानेवारीपासून सात महिने होत आले होते. थर्मल प्रिंटरमध्ये हेड सोडून असतं काय? एक रबराचा रोलर, एक मोटर आणि वर झाकण. म्हणजे जे बिघडणार त्याची वॉरंटी नाही आणि जे बिघडत नाही त्याची आहे. शिवाय भिवंडीला स्वखर्चाने पाठवा, बघायला दहा ते पंधरा दिवस, हेड बदललं तर ३२०० रुपये. गणपतीच्या पंधरा दिवस आधी! मी फोनवर आवाज चढवला, समोरच्या मुलीचा काही दोष नव्हता ते कळत होतं, पण चढला.

शेवटी दापोलीत एक मोबाईल दुरुस्तीवाला दादा आहे त्याच्याकडे पिशवीत घालून नेला. त्याने गार होऊ दिला, आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कपड्यावर घेऊन हेड एका दिशेने पुसलं, कपड्यावर काळा चिकट थर आला, लेबलाचा गोंद. मग त्याने विचारलं, कशाने खरवडलंय का? मी जुलैत अडकलेलं लेबल सुरीच्या टोकाने काढलं होतं. तो म्हणाला त्याने झालं असेल किंवा समुद्राच्या हवेने, एक ठिपका मेलाय, तो आता उठणार नाही. या हेडवर एका मिलीमीटरला आठ ठिपके असतात, त्यातला एक.

पण त्याने जी युक्ती सांगितली ती मला कंपनीने सांगायला हवी होती. प्रिंटच्या ॲपमध्ये पान १८० अंशात फिरवायची सोय आहे. आमच्या कुरिअरच्या लेबलवर बारकोड उजव्या अर्ध्यात असतो आणि रेघही उजव्या अर्ध्यात येत होती. लेबल उलटं छापलं की रेघ डावीकडे जाते, पाठवणाऱ्याच्या पत्त्यातून, तिथे केसाएवढी रेघ कोणाला दिसतही नाही. ३४ च्या ३४ लेबलं तिथेच त्याच्या दुकानात उलटी काढली. त्याने साफसफाईचे फक्त शंभर रुपये घेतले. ३२०० वाचले. आजपर्यंत त्याच मेलेल्या ठिपक्यावर काम चालू आहे.

आणि कोऱ्या लेबलाचं उत्तरही त्याच्याकडेच मिळालं. त्याने लॅपटॉपला केबल जोडून कंपनीचंच सॉफ्टवेअर उघडलं, त्यात चालू होताना काय करायचं याला तीन पर्याय होते, एक लेबल पुढे सरकव, मोजमाप घे, किंवा काहीच करू नको. मोबाईलच्या ॲपमध्ये हा पर्याय नाही, म्हणून मला कधी दिसला नाही. "काहीच करू नको" केलं, बंद करून चालू केला, आवाज नाही. मी परत बंद-चालू केला, परत नाही. तिसऱ्यांदा करून बघितलं. मला आनंद झाला पण त्याहून जास्त राग आला, कारण मी तीन वेळा लेखी विचारलं होतं आणि तीनही वेळा नॉर्मल आहे एवढंच उत्तर होतं. ज्याने सॉफ्टवेअर बनवलं त्याला माहीत होतं की कोणालातरी हे बंद करावंसं वाटेल, मग मदतीला बसवलेल्यांना का सांगितलं नाही?

सप्टेंबरमध्ये वाया गेलेली लेबलं १४, ऑक्टोबरमध्ये ९. झाकण उघडून कागद हलला तर पहिलं लेबल अजूनही अर्धं खाली छापतं, त्यात वाया गेली ती ही. वही अजून चालू आहे.

धंद्याचं दोन-चार गोष्टींत सांगते कारण फेब्रुवारीत बऱ्याच जणींनी विचारलं होतं. बहुतेक कुरिअरवाले वजन आणि खोक्याचं आकारमान यातलं जे जास्त असेल ते धरतात, आकारमान म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. तीन किलोचं घंगाळ ४० बाय ४० बाय ३० च्या खोक्यात घातलं की ९.६ किलोचे पैसे. म्हणून घंगाळ एकटं पाठवू नका, त्याच्या पोटात तांब्या, ताम्हण, डबा बसेल अशी दोन-तीन वस्तूंची ऑर्डर जमवा. गणपतीत तर निम्म्या गिऱ्हाइकांनीच सांगितलं की पाठवू नका, आम्ही गावाला येतोयच, येताना घेऊन जातो, खेड स्टेशनला उतरून वाट वाकडी करून आले. पुस्तकांसाठी पोस्टाचं ज्ञान पोस्ट बघा, १ मे २०२५ पासून सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १००, वर कर. सावकाश जातं पण ट्रॅक होतं, आणि जुन्या दीडशे रुपयांच्या पुस्तकाला कुरिअर परवडतच नाही.

राज्याबाहेर मी पाठवत नाही. आपली उलाढाल कितीही लहान असली तरी धंदा म्हणून दुसऱ्या राज्यात कर लागणारा माल विकायचा तर सहसा जीएसटी नोंदणी लागते. बेळगावच्या एका आजींना माहेरच्यासारखी समई हवी होती, चार वेळा फोन केला त्यांनी, नाही म्हणताना जीव तुटला. त्यांचा नातू पुण्यात असतो असं नंतर कळलं, मग त्याला विकली. आणि फोटोखाली उगाच "१०० वर्षे जुनी" असं लिहू नका. शंभर वर्षांपेक्षा जुन्या कारागिरीच्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतात, त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. मी "जुन्या घरातली, वापरलेली" एवढंच लिहिते, तेवढंच मला ठाऊक असतं. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला कोणी सांगितलं की फोन ठेवा, पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

स्टार आता तीन करतेय. एक कापला हेडच्या सहा महिन्यांच्या वॉरंटीसाठी, एक त्या कोऱ्या लेबलांसाठी. टेपचा कापलेला परत दिला. ज्यांच्याकडे लाईट जात नाही त्यांनी खुशाल घ्या. आपल्या बाजूला राहणाऱ्यांनी घ्यायचा असेल तर पहिल्याच दिवशी कोणाचातरी लॅपटॉप मागून आणा, केबल जोडा आणि ती सेटिंग बदला, नंतर रोल घाला.

गुहागरच्या ताईंना मी फोनवर हेच सांगितलं, त्यांच्या मुलाने संध्याकाळी बदललं. रात्री त्यांचा मेसेज आला की तीनदा लाईट गेली आणि आली, प्रिंटर गप्प आहे.